बापूस माझो भाकरी थापता

शेवंती घाडीच्या हातात गिटार आली ती संपामुळे.

ब्याऐंशी साली गिरण्या बंद झाल्या तेव्हा ती दहावीत होती. तिचा बाप, दगडू घाडी, साचेखात्यात होता. साचा म्हणजे माग, आणि दगडू एका वेळी दोन साचे चालवायचा. झुपकेदार मिशा, खणखणीत आवाज, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. संप महिनाभरात मिटणार असं तो सगळ्यांना सांगत होता. संप मिटेना तशी लालबागच्या त्यांच्या चाळीतली मुलं मिळेल त्या कामाला लागली. शेवंती परीक्षा आटोपून गिरगावात शामरावांच्या दुकानात जाऊ लागली.

शामराव हार्मोनियम दुरुस्त करायचे. सूर लावायचे, भाते बदलायचे, कुणी आणलीच तर सतारसुद्धा बघायचे. शेवंतीचं काम पुसायचं, घासायचं, पॉलिश मारायचं. दुकानाच्या माळ्यावर एक गिटार पडून होती. लग्नाच्या बँडमधला कुणी माणूस ती तारा बदलायला टाकून गेला होता आणि तिकडून थेट आखातात नोकरीला गेला होता. दोन वर्षं झाली तरी तो आला नाही, तेव्हा शामराव म्हणाले, "शेवंते, ही धूळ खातेय. तू वाजवून बघ. नाही जमलं तर भिंतीला टांगू, शोभेल तरी."

तिला जमलं. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून तिने आपल्याला येत होतं तेच गिटारवर बसवलं. येत होती ती गावची जाखडीची गाणी. गणपतीत कोकणातले लोक पायात चाळ बांधून गोल धरून नाचतात, त्या नाचाची. सुट्टीत गावी ऐकलेली, चाळीच्या पटांगणात ऐकलेली. जाखडीची उडती चाल आणि गिटारचा झणझणाट एकत्र आल्यावर जे काही निघालं ते ऐकून शामराव म्हणाले, "हे कशात बसतं ते मला सांगता येणार नाही. पण थांबू नकोस."

चार-पाच वर्षांत तिचा एक छोटा बँडच झाला. वरळी कोळीवाड्यातला जगन ड्रम वाजवायचा. त्याचा बाप होडीवर, आई मासळी विकायची, आणि हा नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवून हात तयार करून बसलेला. परळचा उत्तम बास गिटार वाजवायचा आणि फारसं बोलायचा नाही. तिघं मिळून गणेशोत्सवात सिनेमाची गाणी वाजवायचे आणि मधेच, लोकांचं लक्ष नसताना, शेवंतीचं एखादं गाणं घुसवायचे. गाणी ती स्वतःच रचायची, चालता-बोलता, बसमध्ये उभ्या उभ्या. लोकांचं लक्ष नसायचं ते त्या गाण्यांनंतर असायचं.

अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तेव्हा तिची कॅसेट निघायला हवी असं जगनने ठरवून टाकलं. तेव्हा कॅसेटचा जमाना होता. दादरला एका जिन्याखालच्या खोलीत रमाकांत नावाचे गृहस्थ कॅसेट कंपनी चालवायचे. स्वच्छ बोलणारे, पांढरा बुशशर्ट घालणारे, भजनांवर आणि पोवाड्यांवर बऱ्यापैकी नाव मिळवलेले. जगनने त्यांच्याकडे इतक्या खेपा घातल्या, की शेवटी ते म्हणाले, "बरं बाबा, घेऊन ये तुझ्या गायिकेला."

रमाकांतांनी डोळे मिटून सात-आठ गाणी ऐकली. मग म्हणाले, "शेवंती, तुझा गळा चांगला आहे. असं कर, कोळीगीतं म्हण. हल्ली फार चालतात. हा जगन आहेच तुझ्या जोडीला."

"साहेब," जगन म्हणाला, "आमी कोळी काय वर्षभर नाचत असतो काय? माझा बाप पाठदुखीने झोपलाय घरी. त्याच्यावर कोण गाणं करत नाय."

रमाकांत हसले. "मग मला असं एखादं ऐकवा, की जे दुसऱ्या कुणाकडे नाही. हे सगळं छान आहे, पण नाव सांगून दुकानात मागावं असं एक तरी गाणं लागतं कॅसेटला."

शेवंती गिटारच्या तारा चाचपत बसली. तिच्याकडे एक गाणं होतं. ते तिने फक्त जगन-उत्तमला ऐकवलं होतं, तेही शपथ घालून. पण त्या दिवशी समोरचा माणूस उठायच्या बेतात होता आणि तिला राहवलं नाही.

*गिरण बंद, भोंगो बंद,*
*साचो रवलो निजून,*
*बापूस माझो भाकरी थापता*
*दाराक कडी घालून.*

रमाकांतांनी डोळे उघडले. ती पुढे म्हणत गेली.

*पापुद्रो सुटता, वास सुटता,*
*नाव आवशीचा होता,*
*बापूस माझो पेपराआड*
*मिशयेत हसून घेता.*

गाणं संपलं तेव्हा रमाकांतांनी चहा मागवला. जगनने नंतर सांगितलं, की इतक्या खेपांमध्ये त्या माणसाने चहा पहिल्यांदाच विचारला. "हे कॅसेटचं नाव," रमाकांत म्हणाले. "बापूस माझो भाकरी थापता. पुढच्या आठवड्यात स्टुडिओ घेऊ."

शेवंती "हो" म्हणाली आणि जिना उतरताना तिला आपण काय करून बसलो ते कळलं. कारण गाण्यातला शब्द न् शब्द खरा होता.

तिची आई गंगुबाई खानावळ चालवायची. एकटे राहणारे गिरणी कामगार तिच्याकडे जेवायला असायचे. संपात ते सगळे गावाला निघून गेले. मग गंगुबाईने दादरच्या ऑफिसांत डबे द्यायला सुरुवात केली. तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण. डबे वाढले, भाकऱ्या वाढल्या आणि गंगुबाईचं मनगट सुजलं. एका सकाळी तिला पीठ दाबता येईना. दगडू तिथेच बसून पेपर वाचत होता. त्याने पेपर ठेवला, दाराला कडी घातली, धोतर खोचलं आणि बायकोला म्हणाला, "सांग कशी करतत ती."

पहिल्या भाकऱ्यांचे कोकणचे नकाशे झाले. महिन्याभरात त्या गोल झाल्या. तीन महिन्यांत चाळीत आणि दादरला सगळीकडे बोलबाला झाला, की गंगुबाईच्या भाकरीला आता काय पापुद्रा सुटतो! लोक तिला दारात थांबवून सांगायचे. दगडू पेपर उंच धरून बसायचा आणि मागे त्याच्या मिशा थरथरायच्या. दोन साचे चालवलेला माणूस तो, दोन तवे एकदम चालवू लागला. पण कडी लावल्याशिवाय कधी काठवटीला हात लावायचा नाही. डबे पोचवतो, भाजी-बाजार बघतो, असं तो बाहेर सांगायचा. गिरणीने त्याला परत कामावर घेतलं नाही. बघता बघता सहा वर्षं झाली. मनगट केव्हाच बरं झालं होतं, तरी भाकऱ्या त्याच्याकडेच राहिल्या.

शेवंतीने आधी आईला सांगितलं. गंगुबाई पदर तोंडात धरून इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "बाये, गाना झकास आसा. पण ह्या बाहेर गेला तर तुझो बापूस गिरगाव चौपाटीर जावन उभो रवात, घराक येवचो नाय. खाली लवू आसा, अप्पा आसा. त्यांच्यासमोर तो काय तोंड दाखवतलो?"

लवू म्हणजे खालच्या मजल्यावरचा दगडूचा दोस्त, त्याच्याच खात्यातला. अप्पा त्या दोघांचा जुना जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम. तिघं रोज संध्याकाळी पटांगणात पत्ते खेळायचे आणि गिरण्यांच्या मालकांना शिव्या घालायचे. त्यांच्यात दगडूचा शब्द अजून चालायचा.

दुसऱ्या दिवशी शेवंती रमाकांतांकडे गेली आणि म्हणाली, ते गाणं सोडून बाकीची करू या.

"कारण?"

"घरचं आहे."

"मग कॅसेट राहू दे," ते म्हणाले. रागावून नाही, पण सरळ. "बाकीच्या गाण्यांवर मी ती दुकानात उभी करू शकत नाही, शेवंती. मी तुला खोटं सांगणार नाही."

बाहेर फूटपाथवर जगनने डोकं धरलं. "अगं, तू बापाला विचारलं तरी का? विचार ना! नाय बोलला तर नाय. पण न विचारता काय घरी बसतेस?"

"तुझ्या बापाचं गुपित असतं तर तू विचारलं असतंस?"

जगनने थोडा विचार केला. "नसतं," तो म्हणाला. "पण माझ्या बापाला भाकरी येतच नाय."

स्टुडिओ ठरला होता त्या आठवड्यातली गोष्ट. शेवंती सकाळी दुकानात गेली नाही. दगडू काठवटीपुढे बसला होता, दाराला कडी होती, दोन्ही तवे तापले होते. गंगुबाई डबे पुसत होती. दगडूने मान वर न करता विचारलं, "शेवंते, तुझी ती कॅसेट कधी करतंस? जगन तर सगळ्या चाळीक सांगत सुटलेलो."

"नाय करत, बाबा."

"कित्याक?"

शेवंतीने आईकडे पाहिलं. आईने डब्यात डोकं घातलं. "ते एक गाणं घ्यायचंच म्हणतात. आणि मला ते घ्यायचं नाही."

"गाना तूच केलंस ना? मग घेवक काय झाला? कोणार आसा ता?"

"तुमच्यावर."

भाकरी थापणारा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली आणि गंगुबाईने पुढे होऊन ती उलटली. दगडूने उठून कडी नीट बसली आहे का ते बघितलं, परत पाटावर बसला, पुढचा गोळा थापायला घेतला आणि म्हणाला, "म्हण."

शेवंती गिटार न घेता, अगदी हळू म्हणू लागली. भोंगा, साचा, दाराची कडी. दगडूच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पेपराआडच्या मिशा आल्या तेव्हा गंगुबाईच्या हातातलं झाकण पडलं. दगडू तसाच. मग तिसरं कडवं आलं.

*गार पाण्यान पीठ मळता,*
*घाम येता कपाळाक…*

"रव!" दगडू ओरडला. शेवंती दचकून गप्प झाली. आता गिटार भिंतीवर आपटेल, असं तिला वाटलं.

"गार पाण्यान?" तो म्हणाला. "तांदळाची भाकरी गार पाण्यान मळतत? ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"मी… अंदाजाने…"

"अंदाजान! तव्यार टाकूच्या आधीच फाटात ती! अगो, कढत पाणी लागता. पाण्याक उकळी फुटली की पीठ टाकूचा, झाकण ठेवचा, आणि मग गरम आसतानाच मळूचा. हात पोळता. पोळलो तर पोळूदे, पण निवला की संपला सगळा. सहा वर्षां बाजूक बसान जेवतंस आणि तुका इतक्या ठावक नाय?"

"तिका चाय पण येणा नाय," गंगुबाईने मधेच सांगून टाकलं.

दगडूने एक गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला. मग दुसरा. शेवंती उठून जायला लागली तेव्हा तो म्हणाला, "ता पाणी बदल. मग घे गाना."

"बाबा, सगळ्यांना कळेल."

"कळतला."

"लवूकाका, अप्पा…"

"कळतला म्हटलंय ना. लाज वाटता माका, वाटतली. गेली सहा वर्षां वाटता." त्याने भाकरी उलटली. ती टम्म फुगली आणि त्याने तिच्याकडे नकळत कौतुकाने बघितलं. "पण गार पाण्याची भाकरी माझ्या नावार नको. आणि ह्या मिशयेचा म्हणतंस, ता खरा काय?"

"खरा!" मायलेकी एकदम म्हणाल्या.

शेवंतीने त्याच दुपारी, रमाकांतांना होकार द्यायला जाताना, बसमध्ये उभ्या उभ्या ओळ बदलली. *कढत पाण्यान उकड मळता, चटको सोसता हाताक.* आधीच्या ओळीपेक्षा ही कितीतरी चांगली होती, हे तिलाही कळलं.

स्टुडिओ दादरला एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्ट, अलीकडे हे तिघं. बाकीची गाणी भराभर झाली. शेवंतीचा आवाज बंद खोलीत आधी बिचकत होता, मग मोकळा झाला. जगनने एका गाण्यात काठी मोडली तरी वाजवत राहिला. पण "बापूस" वाजवायला घेतलं आणि ते काही केल्या बसेना. चाल जाखडीची होती, उडती, एका पायावर झोकांडा घेणारी. ड्रमवर ती परेडसारखी वाटायला लागली. जगनने तीन प्रकारे वाजवून बघितलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ड्रम काढून टाका." काढले, तर गाणं हवेत लटकायला लागलं.

तेवढ्यात दार उघडून दगडू आत आला. खांद्यावर चादरीत बांधलेलं काहीतरी जड होतं. मुलीची कॅसेट होतेय, बघून तरी येऊ, असं घरी सांगून तो निघाला होता, असं त्याने सांगितलं. मग गाठोड्यात काय, ते कोणी विचारायच्या आत गाठोडं सोडलं. त्यात काठवट होती आणि पिठाची पिशवी.

"बाबा?"

"तू घरी म्हणत होतंस तेव्हा मी थापत होतंय. तेव्हा बरा वाटत होता. आता बाहेर उभो रवान ऐकलंय, नुसती ढामढूम." तो जगनकडे वळला. "तू वायट वाजवतंस असा नाय हां."

"काका, बोला ना, मी ऐकतोय," जगन म्हणाला.

रमाकांत आणि रेकॉर्डिस्टने एकमेकांकडे बघितलं. रेकॉर्डिस्टला हे सगळं विचित्रच वाटलं असणार, पण तो गुणी माणूस होता. त्याने विचारलं एवढंच, "पीठ ओलं लागेल ना?" कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आलं. दगडूने स्टुडिओच्या सतरंजीवर बसून उकड काढली, मळली, आणि रेकॉर्डिस्टने त्याच्या काठवटीजवळ माईक आणून ठेवला.

माईक बघितल्यावर मात्र दगडूचा हात थांबला. मोर्चात हजारोंसमोर घोषणा दिलेला माणूस, त्याने हातातला गोळा परत काठवटीत ठेवला. काचेमागे माणसं होती, सगळी त्याच्या हातांकडे बघत होती. "माका काय येवचा नाय हयसर," तो पुटपुटला.

शेवंती गिटारसकट खाली बसली, बापाच्या समोर, काचेकडे पाठ करून. तिने वाजवायला सुरुवात केली, पण गायली नाही. तीच चाल परत परत, घरी म्हणायची तशी सावकाश. दगडू तिच्या बोटांकडे बघत राहिला. तिच्या बोटांना तारांनी घट्टे पडले होते. त्याने ते याआधी कधी बघितले नव्हते. मग त्याने गोळा उचलला आणि थापायला लागला. थप, थप-थप, मधेच हातावर फिरवताना एक उसंत, परत थप. झोकांडा बरोबर तिथेच पडत होता. उत्तमने बास धरला. जगनने काठ्या बाजूला ठेवून फक्त झांज हातात घेतली. आणि शेवंती गायला लागली.

एका दमात झालं. शेवटचं कडवं येईपर्यंत दगडू स्वतःच नकळत ठेका वाढवत होता.

*दोन साचे चलयलेले हात,*
*दोन तवे चलयतत,*
*बापूस माझो भाकरी थापता,*
*घरची सगळी खातत.*

गाणं संपल्यावर रेकॉर्डिस्ट काचेमागून धावत आला. "काका, कोणाकडे वाजवता तुम्ही?"

"आमच्या मंडळींकडे," दगडू म्हणाला.

कॅसेट गणपतीच्या आधी बाजारात आली. वर शेवंतीचा फोटो होता, गिरणीच्या भिंतीला टेकून, हातात ती आखातात गेलेल्या माणसाची गिटार. रमाकांतांनी पहिला गठ्ठा लालबाग-परळच्या दुकानांत टाकला. दगडूने घरी जाहीर केलं, की चाळीत वाजली की तो गावी निघून जाणार. बॅगही काढून ठेवली होती. पण बाप्पा बसले, आरत्या झाल्या, आणि तो गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पटांगणात नेहमीचा डाव रंगला होता. दगडू, लवू, अप्पा. मंडपातला लाऊडस्पीकर लवूच्या ताब्यात होता. तो पानं खाली ठेवून उठला आणि मोठ्याने म्हणाला, "आपल्या चाळीच्या पोरीची कॅसेट निघालीय आणि आपण अजून भजनंच लावतोय! लाजा वाटूक व्हयत!" आणि त्याने कॅसेट लावली. तीही नेमकी त्याच गाण्यापासून.

पहिल्याच कडव्याला पटांगण शांत झालं. सज्जांमध्ये बायका येऊन उभ्या राहिल्या. दगडूने पानं डोळ्यांसमोर धरली, घरी पेपर धरायचा तशी. थापेचा आवाज स्पीकरमधून सगळ्या चाळीवर घुमत होता. शेवंती दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती आणि तिला खाली बघवत नव्हतं.

गाणं संपलं. लवू स्पीकरजवळच उभा होता. तो चालत आला, दगडूसमोर बसला आणि त्याने विचारलं, "खरा?"

"खरा," दगडू पानांमागून म्हणाला.

"सहा वर्षां?"

"सहा वर्षां."

लवूने कपाळावर हात मारला. "आणि मी सहा वर्षां खाटल्याखाली बसान गजरे गुंफतंय! बायको फुलबाजारातून फुलां आणता, मी गुंफतंय, ती विकता. तू हसशीत म्हणान बोललंय नाय!"

दगडूने पानं खाली केली. मग अप्पा खाकरले. साठी उलटलेला, आख्ख्या खात्याला धाकात ठेवलेला जॉबर. "पापड," ते म्हणाले.

"काय?"

"पापड लाटतो मी. उडदाचे. सुनेच्या नावावर जातात." थोडं थांबून म्हणाले, "पोह्याचे पण."

पहिल्यांदा हसली ती सुंदराबाई. दगडूच्या शेजारच्या खोलीत राहायची. सज्जातून वाकून ती म्हणाली, "अरे शिरां पडो तुमच्यार! आमका काय ठावक नव्हता? दगडू, मधी भिंत ती इतकीशी. गंगूची थाप वेगळी, तुझी वेगळी. पहिल्याच दिवशी वळाखलंय मी. आणि लवू, तुझ्या गजऱ्याक गिरणीची गाठ आसता, तुटलेल्या दोऱ्याक मारतत ती. अख्ख्या लालबागेत तशी गाठ कोण मारता?"

"मग बोललंस कित्याक नाय?" लवू रडकुंडीला येऊन म्हणाला.

"बोललो आसतव तर तुमी सोडल्यात आसता," सुंदराबाई म्हणाली. सगळ्या सज्जांतून हशा पिकला. गंगुबाई तर कठड्यावर डोकं ठेवून हसत होती.

त्या दिवशी ते गाणं किती वेळा वाजलं याची मोजदाद कोणी ठेवली नाही. लवू दर वेळी सांगायचा, की ही थाप दगडूची आहे, स्टुडिओत जाऊन वाजवलेली. संध्याकाळपर्यंत भाकरीच्या पाण्यात मीठ घालायचं की नाही यावरून दगडूचं आणि अप्पांचं कडाक्याचं भांडण झालं. अप्पांचं म्हणणं घालायचं. दगडू म्हणाला, पापडवाल्याने भाकरीत बोलू नये.

कॅसेटचं पुढे बरं झालं. फार मोठं नाही, पण बरं. कोकणात जाणाऱ्या एसटीत ड्रायव्हर लोक ती लावायचे. गावाकडून निरोप यायचे, की ही पोरगी कुणाची. गिरगावात शामराव दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेटीचं सोडून आधी कॅसेट दाखवायचे. पुण्याच्या एका पेपरात तिच्या गाण्याला "लोकरॉक" असं नाव देऊन कुणीतरी लांबलचक लिहिलं. जगनने तो लेख वाचून दाखवला, तेव्हा उत्तम त्या वर्षातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला: "म्हणजे आपण हे वाजवत होतो होय!"

दिवाळीनंतर एका सकाळी शेवंती नळावर पाणी भरत होती. सुंदराबाई कळशी घेऊन आली, पण नळाखाली ठेवेना. तिने कळशी कमरेवरून उतरवली आणि विचारलं, "गो शेवंते, पुरुषांची गानी झाली. आमची कधी?"

"तुमची?"

"संपात आमी बायकांनी काय केला ता तुका ठावक आसा? मी, लवूची बायको, आणि कोपऱ्यावरची ललिता, आमी तिघी कॉटन ग्रीनच्या गोदामात कामाक गेललो. थंय एक मुकादम होतो. उंच, बारीक, आणि कुत्र्याक भियाचो."

"मग?"

"मग काय? आमी कुत्रो घेवन गेलो."

शेवंतीने भरलेला हंडा बाजूला सरकवला, नळ बंद केला आणि पायरीवर बसली. मागे रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या. तिने त्यांनाही बसायला सांगितलं.